वऱ्हाडच्या महसुली दप्तरातील उतरंड आणि शोधाची छाटणी

जुन्या दप्तरात काम करणाऱ्या संशोधकाला कागद वाचता येणे जितके आवश्यक, तितकेच कोणते कागद उघडावयाचे नाहीत हे ठरविता येणे आवश्यक असते. सर्व रुमाल सोडून पाहणे एका आयुष्यात शक्य नसते. म्हणून प्रत्येक शोधाच्या आरंभी काही भाग न उघडताच बाजूला सारला जातो. हे बाजूला सारणे कोणत्या आधारावर होते, तो आधार कितपत विश्वसनीय असतो आणि तो चुकला असता इतिहासात कोणत्या प्रकारची चूक शिरते, या प्रश्नांचा विचार अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांच्या महसुली दप्तराच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे. हाच प्रश्न आज संगणकावरील प्रचंड माहितीसाठ्यांच्या बाबतीतही उपस्थित झाला असून तेथे त्याला ‘पार्टिशन प्रूनिंग’, म्हणजे कप्प्यांची छाटणी, असे नाव मिळाले आहे. दोहोंतील साम्य केवळ वरवरचे नाही. एकाचा अभ्यास दुसऱ्याला उपयोगी पडावा इतके ते जवळचे आहे.

१. छाटणीचे तत्त्व

संगणकावर एखादी मोठी सारणी एकाच फाईलमध्ये न ठेवता अनेक फाईलींत विभागून ठेवतात आणि त्या फाईली एकात एक अशा डिरेक्टरींमध्ये रचतात. सर्वांत बाहेरच्या डिरेक्टरीचे नाव ‘जिल्हा=अकोला’, तिच्या पोटात ‘तालुका=मूर्तिजापूर’, तिच्या पोटात ‘मौजा=कारंजा’ आणि त्याच्याही आत ‘सन=१९०८’ अशी ही उतरंड असते. प्रश्न विचारणाऱ्याने जिल्हा, तालुका, मौजा आणि सन यांची अट घातली की यंत्रणा ती अट प्रथम डिरेक्टरींच्या नावांशी ताडून पाहते. जी नावे अटीत बसत नाहीत त्यांच्या पोटातील एकही फाईल उघडली जात नाही. १९९७ साली ओरॅकल या डेटाबेसच्या आठव्या आवृत्तीत कोष्टकांचे असे कप्पे पाडण्याची सोय आली. डिरेक्टरीच्या नावातच स्तंभाचे नाव व मूल्य लिहिण्याची पद्धत फेसबुक कंपनीत निर्माण होऊन २००८ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘हाइव्ह’ या प्रणालीमुळे रूढ झाली.

या पद्धतीचा लाभ एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. एका महसुली विभागात ५ जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यात १० तालुके, प्रत्येक तालुक्यात १०० मौजे आणि प्रत्येक मौजाचे ५० वर्षांचे कागद आहेत असे मानले, तर एकूण २,५०,००० गठ्ठे होतात. मौजा आणि सन दोन्ही ठाऊक असल्यास त्यांपैकी एकच गठ्ठा उघडावा लागतो. सन ठाऊक आहे पण मौजा ठाऊक नाही, अशा वेळी ५,००० गठ्ठे उघडावे लागतात; शिवाय सन हा सर्वांत आतला थर असल्यामुळे प्रत्येक मौजाच्या दारापर्यंत जाणे भाग पडते. केवळ खातेदाराचे नाव ठाऊक असल्यास २,५०,००० पैकी एकही गठ्ठा वगळता येत नाही, कारण ते नाव कोणत्याही गठ्ठ्याच्या वेष्टनावर लिहिलेले नसते. म्हणजे कोणता प्रश्न स्वस्त पडावा आणि कोणता महाग, हे प्रश्न विचारणाऱ्याच्या आधी दप्तर रचणाऱ्याने ठरविलेले असते.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदविली पाहिजे. हाइव्हच्या रचनेत ज्या मूल्यावरून कप्पे पाडले जातात ते मूल्य फाईलच्या आत पुन्हा लिहिलेले नसते. ते केवळ डिरेक्टरीच्या नावात असते. मोडी कागदाची स्थितीही बहुधा अशीच असते. कागदात ‘मौजे मजकूर’ एवढाच उल्लेख असतो. परगणा कोणता हे रुमालावरून कळते. कागद रुमालाबाहेर पडला की त्याचा पत्ता हरवतो.

२. सुभ्यापासून मौजापर्यंत

वऱ्हाडात ही उतरंड प्राचीन आहे. १५९६ साली वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडून मोगलांकडे गेला. त्यानंतर अबुल फजलाच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे जे वर्णन आले, ते सुभा, सरकार आणि महाल या क्रमाने आलेले आहे. आज जो प्रदेश अकोला जिल्ह्यात मोडतो त्यातील अकोला व बाळापूर हे महाल तेथे नरनाळा सरकारात आहेत. एलिचपूर गाविल सरकारात आहे. वरच्या कप्प्याला नाव होते ते डोंगरी किल्ल्याचे. मोगल काळातील अकोल्याचा शोध ‘अकोला’ या शीर्षकाखाली घेणाऱ्याला ही पहिली अडचण येते: अकोला हे त्या काळी कप्प्याचे नाव नव्हते, नरनाळ्याच्या कप्प्यातील एक महाल होता.

१७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर दक्षिणेत निजामाची सत्ता स्थिर झाली. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमलही वऱ्हाडात पसरला आणि एकाच गावाच्या वसुलात दोन सत्तांचे वाटे पडू लागले. या दुअंमली व्यवस्थेत मौजा एकच असला तरी त्याचा हिशेब दोन दरबारांत राहत होता. डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगड पडल्यावर देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेकडील अंमल बहुतांशी संपला. अठराव्या शतकातील एखाद्या मौजाचा वसूल अभ्यासताना निजामाकडील कागदांपुरताच शोध मर्यादित केला, तर भोसल्यांचा वाटा दृष्टिआड होतो; आणि जे दृष्टिआड झाले ते अस्तित्वातच नव्हते असा ग्रह होतो. अशा ठिकाणी वगळलेला कप्पा अप्रस्तुत नसतो, तो अर्धा पुरावा असतो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. हैदराबाद येथील रेसिडेंटच्या देखरेखीखालील या मुलखाचे अधिकृत नाव ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे होते. पूर्व वऱ्हाडाचे ठाणे अमरावती व पश्चिम वऱ्हाडाचे अकोला झाले. पश्चिम वऱ्हाडाचे कमिशनर आल्फ्रेड लायल यांनी सिद्ध केलेले या मुलखाचे गॅझेटिअर १८७० साली प्रसिद्ध झाले. याच काळात, १८६१ पासून, मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीची मोजणी व जमाबंदी येथे सुरू झाली आणि उतरंडीच्या तळाशी सर्व्हे नंबर हा नवा, सर्वांत लहान कप्पा आला. शेताला नावाऐवजी क्रमांक मिळाला. गावकऱ्यांच्या बोलण्यात शेत नावानेच राहिले, दप्तरात मात्र क्रमांकाने. येथून पुढे शेतकऱ्याचा प्रश्न आणि दप्तराचा कप्पा यांच्या भाषा निराळ्या झाल्या, आणि त्या दोन भाषांमधला दुभाषी म्हणजे गावचा पटवारी.

३. एक गाव, अनेक पत्ते

पुढील काळात वऱ्हाडाचे सहा जिल्हे झाले: अमरावती, एलिचपूर, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि वणी. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड नागपूरच्या मध्य प्रांत प्रशासनास जोडला गेला आणि १९०५ साली सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. वाशीम जिल्ह्यातील वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याला आणि पुसद तालुका यवतमाळला गेला. अमरावतीचा मूर्तिजापूर तालुका अकोल्यात आला. अकोल्याचे खामगाव व जळगाव हे तालुके बुलढाण्यात गेले. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या फेरबदलाचा दप्तरावरील परिणाम कारंजा या गावाच्या उदाहरणाने चांगला समजतो. १८९५ च्या सुमाराचा कारंज्याचा कागद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स, अमरावती जिल्हा, मूर्तिजापूर तालुका या पत्त्यावर शोधावा लागतो. १९०८ सालचा कागद मध्य प्रांत व वऱ्हाड, अकोला जिल्हा, मूर्तिजापूर तालुका येथे. १९५२ सालचा कागद त्या वेळच्या मध्य प्रदेश राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० नंतरचा महाराष्ट्रात. जिल्हा मात्र या तिन्ही वेळी अकोलाच. आजचे कारंजे वाशीम जिल्ह्यात आहे. गाव जागचे हलले नाही. त्याच्या वरचे सर्व कप्पे हलले. शिवाय वरच्या पातळीवरील पत्रव्यवहाराचे स्थान निराळेच असते. १९०३ पूर्वीचे हैदराबाद रेसिडेन्सीचे कागद नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत; त्यानंतरच्या कारभाराचे केंद्र नागपूर होते.

‘वाशीम’ या नावाखाली १९०५ पासून १९९८ पर्यंत जिल्हा पातळीवर काहीही नसणे स्वाभाविक आहे. परंतु आजच्या जिल्ह्याचे नाव घेऊन शोध करणाऱ्याला या त्र्याण्णव वर्षांत एक पोकळी दिसेल आणि ती पोकळी कागद नष्ट झाल्याची खूण आहे असा चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव आहे.

याच्या उलट प्रकारची चूक अधिक घातक असते, कारण ती पोकळी दाखवीत नाही. ‘अकोला जिल्हा’ हे नाव १९०१ च्या जनगणनेतही आहे आणि १९११ च्या जनगणनेतही आहे. परंतु पहिल्या अकोल्यात खामगाव व जळगाव आहेत, मूर्तिजापूर, वाशीम व मंगरूळ नाहीत. दुसऱ्या अकोल्यात नेमके याच्या उलट आहे. लोकसंख्या किंवा कापसाखालील क्षेत्र यांची या दोन वर्षांत तुलना करणाऱ्याला शोधलेला कप्पा दोन्ही वेळा सापडतो आणि आकडेही मिळतात. मात्र ते आकडे दोन वेगळ्या भूभागांचे असतात. लायल यांचे १८७० चे गॅझेटिअर आणि १९१० चे अकोला जिल्ह्याचे गॅझेटिअर शेजारी ठेवून वाचतानाही हीच सावधगिरी हवी. नाव तेच राहून आशय बदलला असता छाटणी बिनचूक दिसते आणि उत्तर मात्र चुकते.

४. सन हा कप्पा

स्थळाप्रमाणेच काळ हाही कप्पाच असतो आणि त्याच्या सीमाही बदलतात. मराठेशाहीच्या हिशेबात सुहूर सन चालत असे. तो मृग नक्षत्री पालटतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन येतो. ‘सलास खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५३. हा सन १७५२ च्या मृगापासून १७५३ च्या मृगापर्यंत चालला. दक्षिणी फसली सनही मृगापासूनच मोजला जाई. त्याचे इसवी सनाशी अंतर ५९० किंवा ५९१ वर्षांचे आहे. म्हणून इसवी सन १७५३ मधील घटनेचा शोध घेणाऱ्याला सुहूर ११५३ आणि ११५४ असे दोन कप्पे उघडले पाहिजेत. एकच उघडला तर मृगापूर्वीचे किंवा मृगानंतरचे कागद हुकतात. महाराष्ट्रातील आजचे महसुली वर्षही १ ऑगस्टला सुरू होत असल्यामुळे १९६८ सालच्या कागदासाठी १९६७–६८ आणि १९६८–६९ ही दोन्ही वर्षे पाहावी लागतात.

संगणकाच्या क्षेत्रात हाच नियम वेगळ्या शब्दांत शिकविला जातो. कप्प्यांवर जे मूल्य लिहिले आहे त्याच मूल्यात अट मांडली तर छाटणी होते. प्रत्येक नोंदीचे मूल्य दुसऱ्या मापात बदलून मग ती अटीशी ताडावयाची ठरविली, तर पुष्कळदा यंत्रणेला नावावरून काहीच ओळखता येत नाही आणि ती सर्व फाईली उघडत बसते. तेव्हा भाषांतर करावयाचे ते प्रश्नाचे. इसवी सनाची अट आधी सुहूर किंवा फसली सनाच्या दोन कप्प्यांत रूपांतरित करावी आणि मग दप्तराकडे वळावे. सर्व दप्तर इसवी सनात बदलून मग शोधू म्हणणारा दाराशीच थकतो.

५. ज्याला कप्पा नाही असे कागद

वऱ्हाडच्या दप्तराची रचना भूमीच्या अंगाने झाली, माणसाच्या अंगाने नव्हे. जमीन कोठे आहे हे ठाऊक असलेल्याला ते दप्तर चटकन उत्तर देते. अमुक माणसाची जमीन कोठकोठे होती, असे विचारणाऱ्याला ते सहजासहजी उत्तर देत नाही. ही उणीव जुन्या कारभाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. महाराष्ट्रातील गाव नमुन्यांत सात-बारा हा शेताच्या क्रमांकाने लावलेला असतो, तर आठ-अ हा खातेदाराच्या क्रमाने. एकाच माहितीची ही दोन अंगांनी केलेली मांडणी म्हणजे आज ज्याला दुय्यम सूची म्हणतात तीच होय. मात्र ही दुसरी मांडणीही मौजाच्या आतच राहते. गाव ठाऊक नसेल तर आठ-अ देखील निरुपयोगी ठरतो. जमीन नसलेल्या कुटुंबाला तर या दोन्ही नमुन्यांत स्थानच नाही.

दप्तरात आणखी एक कप्पा असतो: ज्यांचे गाव, परगणा किंवा सन कळला नाही अशा किरकोळ कागदांचा. हाइव्हमध्येही ज्या नोंदीचे मूल्य रिकामे आहे ती एका ठरावीक नावाच्या कप्प्यात जमा होते. नेमके स्थळ किंवा नेमका सन मागणाऱ्या प्रत्येक शोधात हा कप्पा वगळला जातो, कारण त्याच्या नावात ते स्थळ नसते. तर्काच्या दृष्टीने हे वगळणे निर्दोष आहे. इतिहासाच्या दृष्टीने नाही. अज्ञात स्थळाचा कागद शोधत असलेल्या स्थळाचा असूही शकतो. म्हणून महत्त्वाच्या शोधात किरकोळ रुमाल शेवटी का होईना, पण उघडला पाहिजे.

६. छाटणी चुकल्याची किंमत

हा विषय केवळ संशोधकांच्या सोयीचा नाही. महाराष्ट्रात जातीचा दाखला व त्याची वैधता यांसाठी विशिष्ट दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती त्यांचा आधार म्हणजे शाळेचा दाखलखारीज रजिस्टर आणि जन्ममृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कुटुंब ज्या नोंदीच्या शोधात असते ती या चारही दिनांकांना अकोला जिल्ह्याची होती. पहिल्या दोन दिनांकांना तर वऱ्हाड महाराष्ट्रात नव्हे, मध्य प्रदेशात होता. मजुरीसाठी एका तालुक्यातून दुसऱ्यात गेलेल्या भूमिहीन कुटुंबाला आजोबांचे गाव निश्चित सांगता येत नसेल, तर वर दाखविलेल्या हिशेबाप्रमाणे त्याचा प्रश्न सर्वांत महाग ठरतो. ज्याच्याजवळ पैसा व सवड सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत अधिक गठ्ठे उघडावे लागतात.

या पार्श्वभूमीवर ‘नोंद आढळून आली नाही’ या शब्दांचा अर्थ तपासून पाहिला पाहिजे. त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात: योग्य गठ्ठा उघडला व त्यात नोंद नव्हती, योग्य गठ्ठा आज उपलब्ध नाही, किंवा तो गठ्ठा नावावरून वगळल्यामुळे उघडलाच गेला नाही. पहिली गोष्ट पुरावा आहे, दुसरी हानी आहे, तिसरी केवळ शोधाची मर्यादा आहे. तिन्हींना एकच वाक्य वापरले की अर्जदाराच्या आणि इतिहासकाराच्या अशा दोघांच्याही वाट्याला अन्याय येतो.

७. निष्कर्ष

जुन्या महसुली अभिलेखांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर उपलब्ध करून देणाऱ्या ‘आपले अभिलेख’ या शासकीय प्रकल्पासाठी आरंभी जे सात जिल्हे निवडले गेले त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही होते. तेथील शोध जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार या क्रमाने होतो. म्हणजे सरकार, महाल, मौजा ही जुनी उतरंडच नव्या माध्यमात चालू आहे. माध्यम बदलल्याने शोधाचा वेग वाढला. परंतु कप्प्याच्या नावावर विसंबण्याचा धोका त्याच प्रमाणात वाढला. रुमाल हाताने सोडणाऱ्या कारकुनाला शेजारच्या तालुक्याचा चुकून आलेला कागद निदान दिसत असे. यंत्र जे उघडत नाही ते कोणालाच दिसत नाही.

यावरून तीन गोष्टी कर्तव्य ठरतात. पहिली, प्रत्येक मौजाला एक स्थिर क्रमांक देऊन तो कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात व राज्यात होता याची सारणी तयार करणे. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका आणि त्यापूर्वीची गॅझेटिअरे यांच्या आधारे अमरावती व अकोला या जिल्ह्यांपुरते हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे आहे. दुसरी, जुन्या उतरंडीची नावे नव्या जिल्ह्यांनुसार बदलून न टाकणे. तसे केल्यास पूर्वीच्या अभ्यासकांनी दिलेले निर्देश निराधार होतात. नव्या नावावरून जुन्या कप्प्याकडे नेणारी वाट मात्र अवश्य असावी. तिसरी, कोणत्याही शोधाचा अहवाल लिहिताना काय पाहिले याबरोबरच काय न उघडता वगळले आणि कोणत्या आधारावर वगळले, हे नमूद करणे.

छाटणीवाचून दप्तराचा उपयोग करता येत नाही, हे खरे आहे. परंतु छाटलेल्या फांद्यांची यादी ठेवली नाही, तर ‘नाही’ हे उत्तर कागदाने दिले की कप्प्याच्या नावाने, हे पुढे कोणालाही सांगता येणार नाही.